पहिली बंदूक कोणती? आज्ञापत्रातला दारूखाना आणि आमच्या माळवदावरची ठासणीची बंदूक

१/
मित्रहो, मराठ्यांच्या तोडेदार बंदुकांवरचा मागचा धागा प्रसिद्ध झाल्यावर एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. "इतिहासाची आवड आहे, घरी एखादी बंदूक असावी असे वाटते; नवख्याने पहिली कोणती घ्यावी?" विचारणारे बहुतेक जण विशीच्या आतबाहेरचे आहेत. दोन ओळींचे उत्तर देऊन मोकळे होता आले असते, पण हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. त्याचे कारण पुढच्या नोंदींत सांगते.

माझे मत आधीच मांडते. नवख्याने पहिल्यांदा बंदुकीची शिस्त घ्यावी, आणि बंदूक त्यानंतर. हे मत मी परदेशी नियमपुस्तकातून उचललेले नाही. आपल्याच कागदपत्रांत ते तीनशे वर्षांपासून लिहून ठेवलेले आहे.

२/
आमचे घर नातेपुत्याचे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते आणि जिल्ह्यातला तिचा पहिला मुक्काम आमच्या गावी पडतो, एवढी ओळख पुरे. जुन्या घराच्या माळवदावर एक अडगळीची खोली आहे. दोन वर्षांपूर्वी शिवजयंतीच्या आदल्या दिवशी माझ्या चुलत भावाला त्या खोलीत, रिकाम्या कणगीच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेली एक लांब बंदूक सापडली. पणजोबांना पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळाला होता, हे घरात ऐकून सगळ्यांना ठाऊक होते. पणजोबा गेले, परवान्याचे कागद कुठेतरी गेले आणि बंदूक तिथेच राहिली.

भाऊ सतरा वर्षांचा. त्याने ती खांद्याला लावली, नळी माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "ताई, हालू नको, व्हिडिओ भारी येतोय." मीही हसत उभी राहिले. मराठ्यांच्या लष्करी इतिहासावर एम.ए.चा प्रबंध लिहिणारी मी, बंदुकीच्या तोंडासमोर हसत उभी होते. ही गोष्ट सांगताना मला आजही संकोच वाटतो.

३/
आरडाओरडा ऐकून शेजारचे नाना वर आले. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. ते ओरडले नाहीत. दारातूनच शांतपणे म्हणाले, "पोरा, आधी तोंड भिंतीकडं कर. आता बोट काढ चापावरनं. आता खाली ठेव, हळू."

मग त्यांनी बंदूक तपासली. टोपी बसते ते टोक रिकामे होते. तरीही त्यांनी गज काढला, नळीत अलगद सोडला, तोंडाशी नखाने खूण केली, गज बाहेर घेतला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. गज तळापर्यंत पोहोचलाच नव्हता. चार बोटांचे अंतर राहिले होते. "ही भरल्याली हाय," नाना म्हणाले, आणि खोलीला कुलूप लावायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः पोलीस ठाण्यात गेले आणि बंदूक रीतसर जमा झाली. जाणकारांनी तिच्यातून दारू, चिंधी आणि शिशाचे छर्रे काढले. पणजोबांनी कधीतरी रानात जाण्यासाठी ती भरली असावी आणि उडवायची राहून गेली असावी. आम्ही कोणी जन्मलोही नव्हतो तेव्हापासून ती तशीच भरलेली होती.

(नानांनी केलेली तपासणी तुम्ही घरी करू नका. त्यांनीही हेच बजावले होते.)

४/
जुनी बंदूक भरलेली राहते याचे कारण तिच्या रचनेत आहे. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग चिंधी किंवा काथ्याचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, आणि हे सारे गजाने ठासून बसवायचे. 'ठासून भरणे' हा आपला वाक्प्रचार आजही आपण सभागृहाच्या गर्दीबद्दल वापरतो. एकदा भरलेला बार मागून काढता येत नाही. तो उडवावा तरी लागतो, नाहीतर तोंडाकडून कौशल्याने उपसावा लागतो. आजच्या बंदुकीप्रमाणे काडतूस बाहेर ओढून ती रिकामी करण्याची सोय तिच्यात नाही.

शिवाय बाहेरून पाहून भरलेली आणि रिकामी यांत काहीही फरक दिसत नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या पेट घेण्याची ताकद टिकवून धरते. म्हणजे लाकडाला वाळवी लागेल, लोखंड गंजेल, पण आतला बार जिवंत असू शकेल.

५/
हे केवळ आमच्या माळवदाचे नवल नाही. २०१३च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील अठराव्या शतकातली एक तोफ साफसफाईसाठी उघडण्यात आली, तेव्हा आत गोळा आणि दारू जशीच्या तशी निघाली. कित्येक वर्षे लोक त्या तोफेशेजारून जात-येत होते.

दुसरे उदाहरण अमेरिकन यादवी युद्धातले. १८६३च्या जुलैत गेटिसबर्गची लढाई झाल्यावर रणांगणातून २७,५७४ बंदुका गोळा केल्याची नोंद आहे. त्यांपैकी सुमारे २४,००० भरलेल्याच होत्या आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या बंदुकांत एकावर एक दोन बार ठासलेले होते. काहींत तर याहूनही अधिक. हे कवायत शिकलेले सैनिक होते. भीती आणि गोंगाट यांत आपली बंदूक भरलेली आहे की उडालेली, हेच त्यांना कळेनासे झाले होते. मग माळवदावर फोटो काढणाऱ्या पोरांना ते कसे कळावे?

६/
आता आणखी मागे जाऊ. सतराव्या शतकातल्या आपल्या बंदूकधाऱ्याच्या अंगावर काय काय असे ते डोळ्यांसमोर आणा. खांद्यावर तोडेदार बंदूक. कमरेला दारूचे शिंग. बारीक दारूची वेगळी रंजकदाणी. गोळ्यांची पिशवी. आणि या सगळ्यासोबत जळता तोडा, म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, टोकाशी सतत धुमसणारी दोरी. चाप ओढला की तोडा कानावरच्या रंजकेला टेकतो, रंजक पेटते आणि तिची ठिणगी आतल्या बारापर्यंत पोहोचते.

म्हणजे तो माणूस उघडी दारू आणि उघडा विस्तव एकाच वेळी अंगावर वागवत असे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तसेच सज्ज असलेले आणखी शेकडो जण उभे असत. एकाच्या चुकीने रांग भाजून निघाली असती. त्यामुळे बंदूक भरताना विस्तव दारूपासून दूर ठेवणे, ही त्या काळच्या जगभरच्या बंदूकधाऱ्यांची पहिली विद्या होती. याकोब द खेन याने १६०७ साली हॉलंडमध्ये प्रसिद्ध केलेल्या कवायतीच्या ग्रंथात ११७ चित्रे आहेत. बंदूकधाऱ्याने जळता तोडा डाव्या हाताच्या बोटांत दारूपासून दूर कसा धरायचा, हे त्यांत एकेक हालचाल करून दाखवले आहे. नेम धरण्याची चित्रे त्यांत थोडी आणि बाकीच्या सावध हालचालींची पुष्कळ.

७/
विस्तव आणि दारू यांची गाठ पडली की काय होते, याचा अनुभव स्वराज्याने घेतला होता. १६७१ साली होळीच्या रात्री जंजिऱ्याच्या सिद्दीने दंडा-राजपुरीवर छापा घातला. मराठ्यांचे लोक सणाच्या गडबडीत गाफील होते. धुमश्चक्रीत तिथले दारूकोठार उडाले आणि दोन्ही बाजूंची माणसे त्यात गेली. मोगल इतिहासकार खाफीखान याने असे लिहिले आहे की, कित्येक कोसांवर झोपलेले शिवाजी महाराज त्या क्षणी जागे झाले आणि दंडा-राजपुरीवर काही संकट ओढवले आहे, असे म्हणाले. कथेचा हा भाग ऐकीव असू शकतो. पण एका कोठाराच्या स्फोटाची आठवण विरोधी पक्षाच्या लेखकापर्यंत पोहोचली, एवढा तो आघात मोठा होता.

असे प्रसंग पुढेही घडले. १८१८मध्ये इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला असताना आतले एक दारूकोठार उडाले आणि तटाचा मोठा भाग खंदकात ढासळला. शत्रूच्या तोफांना जे खिंडार पाडायला दिवस लागले असते, ते आतल्या दारूने क्षणात पाडले.

८/
चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी पाठवलेले १६७०च्या दशकातले पत्र आपण सगळे अभिमानाने सांगतो. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या अर्थाचा संदेश म्हणून ते प्रसिद्ध आहे. परंतु त्याच पत्राचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. त्यात आगीविषयीची ताकीद आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल मांडील, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, कोणी दिवा तसाच जळत ठेवून झोपेल, त्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल, आणि सगळे गवत भस्म होईल. मग घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल.

राज्य उभे करणारा माणूस उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो. अपघात घडल्यावर दैवाला दोष देऊन मोकळे व्हायची सोय त्या पत्राने ठेवलेली नाही. पत्राचा रोख असा आहे की, जे आधी सुचू शकत होते आणि सुचले नाही, त्याची जबाबदारी तुमची.

९/
याचा पुढचा अध्याय आज्ञापत्रात सापडतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेला १७१५चा हा राजनीतिग्रंथ. त्यातले दुर्गप्रकरण अनेकांनी वाचले असेल. त्यात दारूखाना कसा असावा याचे नियम आहेत. ते आजच्या मराठीत असे मांडता येतील:

• दारूखाना राहत्या घराजवळ, घराच्या परिघात नसावा. सदरेपासून अंतरावर स्वतंत्र जागा बांधावी.
• त्याच्याभोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे.
• तळघर करावे, ते गच्च बांधून काढावे. आत माच घालून त्यावर दारूचे बस्ते आणि मडकी ठेवावी. ओल लागू देऊ नये.
• दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढावे, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहर करून ठेवावे.
• रात्रंदिवस राखण असावी. परवानगीवाचून कोणी माणूस आसपास फिरकू देऊ नये.

१०/
ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. शस्त्र राहत्या वस्तीपासून वेगळे. कोरड्या, बंद जागी. ठरावीक मुदतीने तपासणी, आणि तीही जबाबदार माणसाकडून. मोहर, म्हणजे कोणी मध्ये हात लावला तर कळण्याची व्यवस्था. अनधिकृत माणसाला मज्जाव. आज जगातल्या कोणत्याही जबाबदार नेमबाजी संघटनेचे साठवणुकीचे नियम काढून पाहा. कुलूपबंद पेटी, दारूगोळा वेगळा, चावी एकाकडे. आशय तोच आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, मराठ्यांच्या शस्त्रपरंपरेचा अर्धाच भाग आपण मिरवतो. पात्याची लांबी, तोफेचे वजन, गोळ्याचा पल्ला हे आपल्याला तोंडपाठ असते. ते शस्त्र कोणी, कुठे, कसे ठेवले, त्याची मोजदाद कोण करी, भरलेली बंदूक कोणाच्या हाती देत, हे मात्र आपण विचारत नाही. परंपरेचा हा दुसरा अर्धा भाग चित्रात भरत नाही, हे मान्य. पण तो नसता तर पहिला भाग टिकलाच नसता.

११/
आपल्या सणांतही ही जाणीव आहे. खंडेनवमीला शस्त्रे काढून पुसायची, तेल लावायचे, मग हळद-कुंकू. आमच्या घरी आता विळे, कोयते आणि ट्रॅक्टरचे पाने एवढेच मांडलेले असतात. पूजेचे धार्मिक महत्त्व ज्याचे त्याने ठरवावे. तिचा व्यावहारिक परिणाम मात्र असा होता की, वर्षातून एकदा तरी प्रत्येक हत्यार उजेडात येई आणि घरातल्या जाणत्या माणसाच्या हाताखालून जाई. आमची बंदूक त्या मांडणीत पुन्हा कधी आलीच नाही. तिच्याबद्दल बोलायचे नाही, असा घरात अलिखित संकेत होता. कागद नव्हते, म्हणून भीती होती. भीतीपोटी ती गोणपाटात गेली आणि ती भरलेली आहे हे सांगणारे शेवटचे माणूसही गेले.

१२/
इथे माझे काही मित्र १८७८चा मुद्दा काढतात, आणि तो गंभीर आहे. १८५७नंतर इंग्रजांनी ठिकठिकाणी हत्यारे काढून घेतली आणि लिटनच्या कारकिर्दीत १८७८चा शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. पुढच्याच वर्षी, १८७९मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले. १८८७च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. या कायद्याने एका समाजाचा अपमान केला, यात शंका नाही.

यावरून मित्रांचा निष्कर्ष असा की, घरोघरी बंदूक असणे हीच त्या अपमानाची भरपाई. मला हा निष्कर्ष मान्य नाही.

१३/
१८७८च्या कायद्यातला अन्याय भेदभावात होता. एका माणसाच्या कातडीवरून त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तो कायदा ठरवत होता. शस्त्रावर नियंत्रण असणे हा स्वतः अन्याय नव्हे. तसे असते तर आज्ञापत्रही अन्यायी ठरले असते. कारण किल्ल्यावरची दारू आणि हत्यारे त्यातही मोहरबंद, मोजलेली आणि पहाऱ्यात आहेत. स्वराज्यात हत्यार असणे आणि हत्याराचा हिशेब देणे, या दोन्ही गोष्टी एकाच शिस्तीत बसत होत्या.

त्या कायद्याने दुसरे एक नुकसान केले असे मला वाटते. बंदूक घराबाहेर गेली किंवा लपली, आणि तिच्याबरोबर तिचे व्यवहारज्ञानही गेले. नानांना जे पहिल्या नजरेत कळले ते मला आणि भावाला कळले नाही, कारण नानांना ते सैन्याने शिकवले होते. आम्हाला कोणीच नाही. ही भरपाई करायची असेल तर ज्ञान परत आणायला हवे. ज्ञानाशिवाय नुसती वस्तू परत आणली, तर माळवदावरचा तो प्रसंग घरोघरी घडेल.

१४/
आता आजचा कायदा थोडक्यात. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९चा. तो १९६२मध्ये अमलात आला. त्यात वंशभेद नाही. बंदूक बाळगायला परवाना लागतो आणि त्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद या कायद्यातही आहे; पणजोबांची बंदूक याच जातकुळीतली. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. मिरवणुकीत, लग्नात आनंदाने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा त्याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

१५/
"पण ताई, ती तर पुराणवस्तू आहे!" हा युक्तिवाद मला नेहमी ऐकू येतो. कायद्याच्या ४५व्या कलमात कालबाह्य, पुराणमूल्य असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे, हे खरे. पण तिथे एक अट आहे: दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये. नुसते जुनेपण पुरत नाही. शंभर वर्षांची असली आणि थोड्या डागडुजीने बार काढू शकत असली, तर ती कायद्याच्या नजरेत बंदूकच आहे.

तेव्हा घरात, वाड्यात, शेतातल्या खोपीत अशी बंदूक सापडली तर हे करा. तिला हात लावू नका. पोरांना दूर करा. खोली बंद करा. घरातल्या थोरांना सांगा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. पिशवीत घालून, मोटारसायकलवर आडवी टाकून स्वतः नेऊ नका. गज घालून पाहू नका, टोपीच्या जागी काही ठोकू नका, गंज काढायला विस्तव लावू नका. आणि फोटोसाठी कोणाकडे रोखू नका.

१६/
बंदूक हाताळण्याचे चार नियम आज जगभर शिकवले जातात. विसाव्या शतकात अमेरिकेच्या मरीन दलातले जेफ कूपर यांनी त्यांना ही चौपदरी मांडणी दिली. आशय असा:

• प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजा.
• जे नष्ट करायची तयारी नाही, त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही वळवू नका.
• नेम लक्ष्यावर बसेपर्यंत बोट चापावर जाऊ देऊ नका.
• लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री करा.

या नियमांची खुबी अशी की, एक चुकला तरी दुसरा जीव वाचवतो. दारातून नानांनी दिलेल्या तीन आज्ञा आठवा: तोंड भिंतीकडे, बोट बाहेर, खाली ठेव. त्यांनी कूपरचे नाव ऐकलेले नाही. पण क्रम अचूक होता. आम्ही त्या दिवशी पहिले तिन्ही नियम मोडले होते. टोपी नव्हती, एवढ्यावर मी आज हे लिहिते आहे.

१७/
तर मूळ प्रश्न: पहिली बंदूक कोणती? माझे उत्तर तीन पायऱ्यांचे आहे.

पहिली पायरी: संग्रहालय आणि लाकडी प्रतिकृती. तोडेदार बंदुकीची रचना समजून घ्यायची असेल, मिरवणुकीत किंवा नाट्यप्रयोगात धरायची असेल, तर नळी भरीव असलेली, बार काढणे अशक्य असलेली लाकडी प्रतिकृतीच योग्य. चाप, रंजकपात्र, तोडा धरणारी चिमटी हे सारे तिच्यावर शिकता येते. चार नियम मात्र तिलाही लागू करा. हाताला लागलेली सवय खऱ्या-खोट्यात फरक करत नाही.

दुसरी पायरी: महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेना असेल तर तिथे जा. पॉइंट टू टू रायफलचे शिक्षण तिथे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मिळते, आणि गोळी झाडण्याआधी हाताळणी शिकवली जाते.

१८/
तिसरी पायरी: नेमबाजीच्या क्लबातली हवाई रायफल. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या मर्यादेतल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. म्हणून ती खेळणे आहे असे मात्र समजू नका. तिच्या छर्‍याने डोळा जातो. लगेच विकत घेऊ नका. आधी काही महिने क्लबची वापरा. मग घ्यायची वेळ आली तर हे पाहा:

• दस्ता तुमच्या खांद्याला आणि हाताला बसतो का. मान ताणावी लागली तर ती तुमची नव्हे.
• वजन पेलते का. स्पर्धेच्या नियमांत १० मीटर हवाई रायफलची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे. नवख्याला त्याहून हलकी बरी.
• एका वेळी एकच छर्रा भरणारी असावी. प्रत्येक वेळी थांबून भरावे लागते, आणि त्या थांबण्यातच शिक्षण आहे.
• बंदुकीच्या किमतीत संरक्षक चष्मा, कुलूपबंद पेटी आणि प्रशिक्षकाचे शुल्क आधी मोजा. उरलेल्या पैशांत बंदूक.

छर्रे शिशाचे असतात. सराव झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

१९/
"यात इतिहास कुठे राहिला?" असे कोणी विचारील. दहा मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. श्वास, पायांची ठेवण, चापावरचा दाब यांत जरा फरक पडला तरी तो हुकतो. ज्या बरकंदाजांचे आपण गोडवे गातो, त्यांच्या कामाला किती धीर लागत असेल, हे मला चार पुस्तकांपेक्षा तिथल्या पहिल्या तासाने अधिक समजावले. माझे पहिले दहा छर्रे कुठे गेले ते सांगत नाही.

आणि मराठी माणसाच्या बंदुकीचा अलीकडचा इतिहास याच मैदानांवर घडला आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफलच्या तीन स्थिती प्रकारात कांस्य मिळवले. १९५२च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले ते वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. ज्या करवीर राज्यासाठी आज्ञापत्र लिहिले गेले, त्याच मुलखातली ही माणसे आहेत.

२०/
माझ्या मताला विरोध असणारे असतील. रानात एकट्या वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याची गरज वेगळी आहे, ती मी नाकारत नाही. त्याच्यासाठी परवान्याची वाट आहे आणि ती अधिक सुलभ व प्रामाणिक व्हावी, हे मलाही वाटते. माझे सांगणे इतिहासाच्या ओढीने बंदुकीकडे येणाऱ्या आपल्यासारख्यांना आहे. जे पूर्वजांकडून घ्यायचे ते निवडून घेऊ नका. त्यांची बंदूक घ्यायची असेल तर त्यांची मोहर, त्यांची राखण आणि दर पंधरवड्याची तपासणीही घ्या.

पणजोबांची बंदूक आता आमच्याकडे नाही. आजोबांना वाईट वाटले. वडिलांची वस्तू म्हणून त्यांचा तिच्यावर जीव होता. पण जमा करून परत आले तेव्हा त्यांनी भावाला जवळ बसवले आणि एवढेच म्हणाले, "आण्णा रागावले असते, पण मी ठेवली म्हणून. दिली म्हणून नाही." भावाने तो व्हिडिओ काढून टाकला. या खंडेनवमीला माळवदावरची खोली पहिल्यांदा पूर्ण रिकामी करून झाडली.

तुमच्याही घरी अशी खोली असेल. पुढच्या सणापर्यंत थांबू नका. थोरांना आजच विचारा, तिथे काय ठेवले आहे.

धागा समाप्त. चुका दाखवा, वाद घाला, स्वागत आहे.